मोजणाऱ्याचे ऋण



आपल्या धर्मग्रामात अशी कितीतरी घरे आहेत की जिथे कोणा ना कोणाच्या हाती रजिस्टर असते. कोणी परिचारिका आहे, कोणी आशा, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी शाळामास्तर. जनगणना असो, मतदारयादी असो की कुपोषणाची पाहणी असो, दारोदार जाऊन विचारण्याचे काम आपल्याच माणसांच्या वाट्याला येते. या सुट्टीत आपल्या युवक मंडळाची मुलेमुलीही जंगलपट्ट्यातील काही गावांत पाहणीसाठी जाणार आहेत. त्यांचा फॉर्म तयार झाला आहे. घरात माणसे किती, शेती किती, कर्ज किती, मुलगी शाळेत जाते का, घरात दारू कोण पितो, गेल्या पाच वर्षांत मूल दगावले का, असे बरेच प्रश्न त्यात आहेत.

हा फॉर्म वाचताना आम्हाला वाटले की गावातल्या लोकांनीही आपल्याला एक प्रश्न विचारावा. खरे तर ते विचारतातच. "मागच्या वर्षीही लिहून नेलं होतं, त्याचं काय झालं?" रजिस्टर घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी तरी ऐकलेले असते. बहुतेक वेळा आपण हसून पुढच्या रकान्याकडे वळतो. आज या प्रश्नापाशी जरा थांबू या. दुसऱ्याच्या गरिबीचा अभ्यास करणे योग्य आहे का? आणि योग्य असेल तर, ज्याचा अभ्यास केला त्याचे आपण काय देणे लागतो?

काही जण म्हणतील, यात अवघड काय आहे? भुकेल्याला भाकरी द्यावी, त्याची भूक मोजत बसू नये. या म्हणण्यात तथ्य आहे. ताटाशी बसलेल्याने उपाशी माणसाकडून फॉर्म भरून घ्यावा, यात कुठे तरी उद्धटपणा आहेच. पण भाकरी किती द्यायची हेच चुकले तर?

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घेऊ. १९८० च्या सुमारास महाराष्ट्रात मजुराची किमान मजुरी दिवसाला सुमारे ४ रुपये धरलेली होती. ती कोणी दुष्टपणाने ठरवली नव्हती. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या समितीने, माणसाला रोज किती अन्न लागते याचा हिशेब मांडून ती सुचवली होती. वर्ध्याचे तरुण डॉक्टर अभय बंग यांनी तो हिशेब पुन्हा तपासला आणि कान्हापूर या गावात मजुरांच्या घरी खरी परिस्थिती पाहिली. कागदावरच्या हिशेबात अनेक चुका निघाल्या. मजुरी १२ रुपयांच्या आसपास असायला हवी, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. पुढे सरकारला मजुरी वाढवावी लागली. विचार करा, एका चुकीच्या आकड्याने किती लाख ताटांतली भाकर कमी केली असेल! आणि ती चूक कोणत्याही दानशूराच्या दानाने भरून निघाली नसती. दयाळू मनाला अचूक माहितीची जोड नसेल, तर दयेच्या हातूनही अन्याय होतो.

तेव्हा अभ्यास नकोच, असे म्हणून सुटका होत नाही. नाही विचारले तर दुःखाला नावही मिळत नाही. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या काळी सरकारी आरोग्यसेवा खेड्यातल्या बाईकडे पाहायची ती मुख्यतः कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांपुरती. बाईला बाई म्हणून काय दुखते, हे कोणी विचारलेच नव्हते. राणीताईंनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या बायका पिढ्यान्‌पिढ्या सोसत होत्या. सोसणे नवीन नव्हते, विचारणे नवीन होते.

म्हणून विचारणे हे चांगले काम होऊ शकते, हे मान्य करू. पण प्रत्येक विचारणे चांगलेच असते, असेही नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इमान्युएल कांट या जर्मन विचारवंताची भेट होतेच. त्याचे एक सूत्र साध्या भाषेत असे सांगता येईल की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, कारण प्रत्येक माणूस स्वतःच एक साध्य आहे. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. एरवी आपण एकमेकांच्या उपयोगी पडतोच. एसटीचा चालक आपल्याला गावी पोहोचवतो, आपण त्याला तिकिटाचे पैसे देतो, यात कोणाचा अपमान नाही. अपमान तेव्हा होतो, जेव्हा एकाचे दुःख दुसऱ्याच्या अहवालाचा कच्चा माल होते आणि ज्याचे दुःख होते त्याला अहवाल निघाला हेही कळत नाही. तेंदूपत्ता, बांबू, कोळसा, लोखंड हे सारे आपल्या दोन जिल्ह्यांतून बाहेर जाते हे आपण पाहतोच. माहितीही तशीच ट्रकमध्ये भरून बाहेर गेली आणि मागे काही राहिले नाही, तर तोही एक प्रकारचा उपसाच म्हणायचा.

हा प्रश्न फक्त आपला नाही. पूर्व आफ्रिकेतला केनिया हा देश गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गरिबीच्या संशोधनाचे जणू मोठे विद्यापीठ झाला आहे. तिथल्या दोन अभ्यासांची तुलना आपल्याला बरेच शिकवून जाते.

पहिला अभ्यास पश्चिम केनियातल्या बुसिया भागातला. शाळकरी मुलांना जंताचे औषध दिले तर काय फरक पडतो, हे पाहायचे होते. ७५ शाळा निवडल्या आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला १९९८ पासून, दुसऱ्याला १९९९ पासून आणि तिसऱ्याला २००१ पासून औषध मिळाले. अभ्यासातून दिसले की औषध मिळालेल्या शाळांत गैरहजेरी कमी झाली. निष्कर्षांवर पुढे विद्वानांमध्ये वादही झाले, पण आपला मुद्दा वेगळा आहे. औषध सगळ्याच शाळांना मिळायचे होते, फक्त कोणाला आधी आणि कोणाला नंतर एवढाच फरक होता. एकदम सगळीकडे पुरवणे शक्य नसेल, तर पाळी ठरवणे यात अन्याय नाही. या अभ्यासाच्या दोघा कर्त्यांपैकी मायकेल क्रेमर यांना पुढे २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा अभ्यास राजधानी नैरोबीच्या झोपडवस्तीतला. पाणीपट्टीची थकबाकी कशी वसूल व्हावी, हे तपासायचे होते. थकबाकीदार घरमालकांपैकी काही जण सोडत काढल्याप्रमाणे निवडले. बिल भरा, नाहीतर नळ तोडू, अशी नोटीस त्यांना गेली आणि ज्यांनी भरले नाही त्यांतल्या काहींचे पाणी तोडले गेले. बिल होते मालकाचे आणि तहान होती भाडेकरूंची. २०२० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा जगभरातून टीका झाली. वसुली झाली नाही तर पाणीपुरवठाच बंद पडेल, तेव्हा वसुलीचा मार्ग शोधणे गरिबांच्याही हिताचे आहे, अशी त्याची बाजू मांडता येते आणि ती अगदीच पोकळ नाही. तरीही मनाला काहीतरी टोचते. का टोचते? कारण ज्यांचे पाणी गेले, त्यांना या प्रयोगाबद्दल हो किंवा नाही म्हणण्याची जागाच नव्हती.

आता पुन्हा गडचिरोलीकडे येऊ, कारण इथेही असाच एक अवघड प्रश्न उभा राहिला होता. खेड्यात बाळे जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच मोठ्या संख्येने दगावत. वैद्यकशास्त्र सांगत होते की आजारी नवजात बाळाला दवाखान्यात न्या. पण दवाखाना दूर, रस्ता नाही, पैसे नाहीत आणि बाळंतिणीला घराबाहेर नेण्याची रीत नाही. मग गावातल्याच, थोडे शिकलेल्या बाईला 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले तर? तिने घरी जाऊन बाळाचे वजन करावे, त्याला उबेत ठेवायला शिकवावे, आईला अंगावर पाजण्यास मदत करावी, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यावा, जंतुसंसर्ग ओळखावा आणि आईबापांच्या संमतीने प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यावे. गावच्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन देणे ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. 'सर्च'ने ३९ गावांत हा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी धरली, जिथे पूर्वीचीच सेवा चालू होती. तिसऱ्या वर्षाअखेर प्रयोगाच्या गावांतले नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला.

मग त्या ४७ गावांतल्या बाळांचे काय? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. काहीजण उत्तर देतील की ही सेवा उपकारक ठरेल की अपायकारक, हे आधी कोणालाच ठाऊक नव्हते. ते उत्तर खरे आहे. इंजेक्शनाने घात झाला असता, तर तुलनेमुळेच तो उघड झाला असता. पण आमच्या मते एवढ्याने भागत नाही. अज्ञान होते तोवर तुलना क्षम्य होती. ज्ञान झाल्यावर जबाबदारी सुरू झाली. एकदा कळले की अमुक केल्याने बाळ वाचते, की त्यानंतर ते ज्ञान कपाटात ठेवणे हा अपराध ठरतो. या कसोटीला गडचिरोलीचे संशोधन उतरले, असे म्हणता येते. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी भेट देण्याची शिफारस केली. २०११ साली भारत सरकारने हे काम देशभरातल्या आशांकडे सोपवले. इथिओपियासारख्या पूर्व आफ्रिकेतल्या देशांतही नवजात बाळांसाठी गावपातळीवरचे कार्यक्रम उभे राहिले. आपल्या धर्मग्रामातल्या ज्या भगिनी आज वजनकाटा घेऊन बाळंतिणीच्या घरी जातात, त्यांच्या पिशवीत त्या गावांचे ऋण आहे.

इथे 'सर्च'ची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. निमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दाया अनुभवी होत्या, पण त्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी बसवलेले साधे यंत्र तयार केले गेले. दायांना अडाणी म्हणून बाजूला सारले नाही. मोजण्याची रीतच त्यांच्या हाताला येईल अशी केली. तसेच दवाखाना कसा असावा, हे लोकांना विचारले. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, नातेवाइकांना राहायला जागा नसते, पांढऱ्या कपड्यातली माणसे पाहून भीती वाटते, असे लोकांनी सांगितले. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा झोपड्यांचा उभारला गेला आणि त्याला नाव दिले गेले मां दंतेश्वरीचे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर भिंतींतून दिसावे, असे फार थोड्या ठिकाणी घडते.

यापुढची पायरी धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाने चढून दाखवली. तिथे लोकांनी स्वतःच अभ्यास सुरू केला. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचे देवाजी तोफा यांच्या साथीने तिथे अभ्यास गट चालू लागले. जंगल, कायदा, बांबू, मध, गावाचा कारभार अशा विषयांवर लोक बसून बोलत, बाहेरच्या जाणकारांना बोलावून ऐकत. अभ्यास गटाने फक्त विचार करायचा आणि निर्णय ग्रामसभेने सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, अशी रीत पडली. जाणकाराला मान द्यायचा, पण गावाचे भवितव्य त्याच्या हाती द्यायचे नाही. केवढे शहाणपण आहे यात!

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले होते, तरी तो विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाला मिळत नव्हता. कायदा वाचून समजून घेतलेल्या गावाने आपला आग्रह सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. याच गडचिरोलीला २००२ सालच्या राज्याच्या मानव विकास अहवालाने सर्व जिल्ह्यांत शेवटचा क्रमांक दिला होता. तो क्रमांक लावताना उत्पन्न, शिक्षण आणि आरोग्य मोजले गेले आणि ते मोजायला हवेच होते. पण सहमतीने निर्णय घेण्याची ताकद कोणत्या रकान्यात लिहायची? 'शेवटचा' हा शब्द ज्याच्या कपाळी लिहिला, त्याच्यापाशी पहिल्याला शिकवण्यासारखेही काही असू शकते.

ज्ञान परत आले म्हणजे गरिबी गेली, असा भाबडा समज मात्र कोणी करून घेऊ नये. आपल्या जंगलपट्ट्यात आजही अनेक गावांना दवाखाना दूर आहे आणि प्रत्येक गाव मेंढा होत नाही. तरीही विचारणाऱ्याचे कर्तव्य त्यामुळे कमी होत नाही.

धर्मग्रंथात दोन मोजण्या आहेत. दावीद राजाने आपल्याकडे किती लढवय्ये आहेत हे पाहण्यासाठी शिरगणती केली आणि ती पाप ठरली. मेंढपाळाने आपली मेंढरे मोजली, शंभरात एक कमी भरले आणि तो रानात शोधायला निघाला. दोघांनीही मोजलेच. राजाची मोजणी आपले बळ पाहून थांबली. मेंढपाळाची मोजणी संपली तेव्हा त्याची पायपीट सुरू झाली. मोजल्यानंतर आपले पाय कुठे वळतात, यावरून मोजणीचे पुण्य किंवा पाप ठरते.

म्हणून युवक मंडळाला आम्ही तीन गोष्टी सुचवीत आहोत आणि रजिस्टर भरणाऱ्या सर्वांनीही त्यांचा विचार करावा.

पहिली, ज्या उत्तराचे आपण काहीच करू शकत नाही, तो प्रश्न विचारू नये. एखाद्या आईला तिच्या दगावलेल्या बाळाबद्दल विचारायचे, तर त्या उत्तरातून कोणते पाऊल उचलणार हे आधी आपल्याला सांगता आले पाहिजे. फॉर्ममधले असे प्रश्न मुलांनी स्वतः बसून गाळावेत, मग तो दोन पानांचा एक पानाचा झाला तरी चालेल. उत्तर न देण्याची मुभा आहे, हेही प्रत्येक दारात आधी सांगावे.

दुसरी, जे लिहायचे ते खरे लिहावे. आशा, परिचारिका आणि अंगणवाडीच्या भगिनींना हे विशेष करून सांगायचे आहे. बालमृत्यू जास्त दिसला की वरून विचारणा होते आणि कमी दाखवण्याचा मोह होतो, हे आम्ही जाणतो. पण जे मूल नोंदवलेच गेले नाही, ते सरकारच्या लेखी जन्मलेही नाही आणि मेलेही नाही. त्याच्या मृत्यूतून पुढचे मूल वाचवण्याची संधी आपण पुसून टाकतो. खरी नोंद करणाऱ्या भगिनीला त्रास झाला, तर तिला एकटे पडू न देणे हे सबंध धर्मग्रामाचे कर्तव्य आहे. तिने आमच्याकडे यावे, आम्ही तिच्याबरोबर चालत जाऊ.

तिसरी, परत जावे. पाहणीत काय आढळले, ते पावसाळ्यापूर्वी त्या त्या गावी जाऊन, लोकांना बसवून, त्यांच्या बोलीत सांगावे. आमचे कुठे चुकले, हे त्यांना विचारावे. पुढे काय करायचे हे त्यांनी ठरवावे आणि आपल्याला जमेल ते आपण करावे. जमणार नसेल ते जमणार नाही, असे स्पष्ट सांगावे. हाती काहीच देता आले नाही तरी ऐकलेले परत सांगता येते आणि तेवढे तरी आपण देणे लागतो.

परत जाण्याची तारीख पाहणीला निघण्याआधीच ठरवून नोटीस बोर्डावर लावावी, अशी सूचना आम्ही मंडळाच्या चालकांना केली आहे. त्या दिवशी आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी मुलांबरोबर यावे. "मागच्या वेळी लिहून नेलं त्याचं काय झालं?" असे कोणी विचारले, तर उत्तर द्यायला आपण तिथे हजर असले पाहिजे.